ॲपलूसा घोडी घ्यायची आहे, काय काय तपासावं?

पुलमनकर:
अमेरिकेत पुलमन–मॉस्को भागात (पुलमन वॉशिंग्टन राज्यातलं, मॉस्को शेजारच्या आयडाहोतलं) मुलीसाठी १२–१३ वर्षांची, शांत स्वभावाची ॲपलूसा (ठिपक्यांसाठी ओळखली जाणारी अमेरिकी जात) घोडी बघतोय. दोन पाहिल्या. एक अंगभर ठिपक्यांची. दुसरी जवळजवळ पांढरी, कानाशी आणि कोपराशी चारदोन ठिपके, आणि बरीच स्वस्त. सल्ला द्या.

नालबंद:
दुसरी रात्री कशी चालते ते आधी बघा. ठिपके आणणाऱ्या एलपी जनुकाच्या दोन प्रती आल्या की ठिपके तुरळकच उरतात, आणि अशी जनावरं जन्मतः रातांधळी असतात. ते वाढत नाही, बरंही होत नाही. दिवसा काही कळणार नाही, म्हणून अंधार पडल्यावर जा. तिच्या रोजच्या तबेल्यात नको. नवख्या कुंपणात जमिनीवर दोन लाकडी दांडे आडवे टाका आणि हाताने धरून त्यावरून न्या. मान उंचावून आभाळाकडे बघत थबकली, दांड्याला खूर आपटला, तर शंका घ्या. खात्रीसाठी आयाळीचे किंवा शेपटीचे २०–३० केस मुळासकट उपटून यूसी डेव्हिस या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जनुक चाचणीसाठी पाठवा. कापलेले केस चालत नाहीत, डीएनए मुळाशी असतो.
रातांधळी म्हणजे टाकाऊ नव्हे. फक्त तुमच्याकडे डिसेंबरात चारलाच सूर्य मावळतो, हे धरून चाला.

खोगीरभरती:
ठिपकेवालीलाही सोडू नका. डोळ्याच्या आतला दाह, युव्हायटिस, या जातीत इतर घोड्यांच्या सुमारे ८ पट आढळतो. इतर जातींत डोळा लाल होतो, पाणी गळतं, मिटलेला राहतो. ॲपलूसात बऱ्याचदा यातलं काहीच दिसत नाही आणि आतल्या आत नजर जाते. पशुवैद्याला डोळ्यांत थेंब घालून, अंधारात आतून तपासायला सांगा. बाहुलीची कड वेडीवाकडी असेल, बुबुळ भिंगाला चिकटलं असेल किंवा मोतीबिंदू दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवा. पशुवैद्य तुमचा हवा, विकणाऱ्याचा नेहमीचा नको. लंगडेपणा झाकायला वेदनाशामक दिलेलं असू शकतं, तेव्हा त्याच भेटीत रक्त काढून राखून ठेवायला सांगा.

पुलमनकर:
कळलं. ठिपकेवालीच्या कागदावरच्या फोटोत काळं शिंगरू आहे आणि समोर उभी आहे ती राखाडी. फसवाफसवी तर नाही?

नालबंद:
नसावी. या जातीत रंग वयाबरोबर उडत जातो, नाकाचं हाड, गालाची हाडं आणि कंबरेची टोकं तेवढी गडद राहतात. ओळख रंगावरून पटवायचीच नाही. कपाळावरचे, मानेवरचे भोवरे कागदाशी ताडून बघा (शुभाशुभासाठी नव्हे हो), मायक्रोचिप असेल तर वाचून घ्या.
वयासाठी वरच्या जबड्यातला शेवटचा पटाशीचा दात बघा. त्यावरची उभी खाच साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते. बाराची म्हणून विकताहेत आणि खाच पार टोकापर्यंत गेलीय, तर ती साधारण वीस वर्षांची असावी.

डोंगरवाट:
कागदांचं राहिलं. ॲपलूसा हॉर्स क्लबचं कार्यालय तुमच्या मॉस्कोतच आहे, १९३८ पासूनची संस्था. मूळ प्रमाणपत्र हातात घ्या. त्यावरचा मालक आणि विकणारा एकच माणूस हवा, आणि हस्तांतराच्या अर्जावर त्याची सही पैसे देतानाच घ्या. मधल्या व्यापाऱ्याने नाव चढवलं नसेल तर नोंद अडकून पडते. आयडाहोत मालक बदलताना ब्रँड तपासणी (जनावरावरची डागाची खूण आणि मालकी सरकारी निरीक्षकाने ताडणं) लागते, राज्याबाहेर नेतानाही. कॉगिन्स चाचणीची (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची रक्तचाचणी) तारीख बघा. विसार देणार असाल तर ‘पशुवैद्यकीय तपासणीत पास झाल्यास’ हे शब्द पावतीवर असू द्या.
आणि ॲपलूसा हे नाव पडलं ते तुमच्याकडच्या पलूस नदीवरून. सांगलीकरांनी हुरळून जाऊ नये.

पुलमनकर:
आभारी आहे. शनिवारी दिवेलागणीनंतर जातोय.

नालबंद:
मोबाइलचा टॉर्च खिशातच राहू दे. तो लावला की परीक्षा बाद.