जुन्या स्विफ्टमध्ये ब्रेक दाबताना पुढून ‘धप्प’ आवाज येतो: लोअर आर्मचा बुश गेला आहे का?

धंतोलीकर:
नमस्कार. माझ्याकडे 2009 सालची पेट्रोल स्विफ्ट असून ती नागपुरात रोज धंतोली ते हिंगणा एमआयडीसी अशी धावते. गेल्या उन्हाळ्यापासून ब्रेक दाबला की पुढे डाव्या बाजूने एकच जड ‘धप्प’ आवाज येतो, ब्रेक सोडल्यावर तोच आवाज थोडा हलका ऐकू येतो आणि वेग कमी होत असताना स्टीअरिंग डावीकडे ओढते. डाव्या टायरची आतली कड स्पष्टपणे जास्त झिजली आहे. अलाइनमेंट केले की काही दिवस गाडी सरळ चालते, मग पुन्हा तेच. एका गॅरेजमध्ये गाडी जॅकवर न घेताच दोन्ही शॉकअप आणि स्टीअरिंग रॅक बदलायला सांगितले. शॉकअपवर तेलाचा ओघळ मात्र कुठेही दिसत नाही. एवढा खर्च करण्याआधी दोष नेमका कुठे आहे हे कसे ठरवावे?

कारागीर_सक्करदरा:
आपल्या वर्णनावरून पहिला संशय लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणारा दांडा) मागच्या बुशवर (त्या दांड्याच्या सांध्यात बसवलेले, आत लोखंडी नळी असलेले रबर) जातो. ब्रेक लागला की रस्ता चाकाला मागे ढकलतो आणि तो जोर शेवटी या बुशमधल्या रबराला पेलावा लागतो. रबर फाटलेले असेल तर आर्म मागे सरकून आदळतो, चाकाची दिशा किंचित बदलते आणि गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट टिकत नाही तेही यामुळेच, कारण जो भाग स्वतःच हलतो आहे त्यावर केलेले माप टिकणार कसे?

तरीही अंदाजाने काही बदलू नका. लिंक रॉड (वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेल्या आडव्या बारची जोडदांडी) खराब असेल तर एकाच चाकाखाली खड्डा किंवा पेव्हर ब्लॉकची कड आली की खडखड ऐकू येते. सरळ गतिरोधकावर दोन्ही चाके एकदम चढत असल्याने त्याच्यावर फारसा भार येत नाही. शॉकअपच्या वरच्या माउंटचा दोष असेल तर उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा आवाज येतो. आपला आवाज ब्रेकशी बांधलेला आहे, हीच महत्त्वाची खूण आहे.

खात्रीसाठी सपाट जागेवर गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये) आणि आर्म व क्रॉस मेंबर (आर्म ज्याला जोडलेला असतो तो सांगाड्याचा आडवा भाग) यांच्यामध्ये पहार घालून हलका जोर द्या. रबर थोडे दबणे स्वाभाविक आहे, वरवरच्या बारीक भेगांनीही घाबरून जाऊ नये. परंतु रबर आतल्या लोखंडी नळीपासून सुटलेले दिसले किंवा लोखंड लोखंडाला टेकले, तर तो बुश संपला असे समजावे. त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे बॉल जॉइंटमधली (आर्म आणि चाकाची बाजू जोडणारा गोल सांधा) ढिलाईही कळेल.

धंतोलीकर:
मनःपूर्वक आभार. आज पाहिले: डावीकडच्या मागच्या बुशचे रबर जवळजवळ अर्ध्या घेरात नळीपासून सुटले आहे आणि पहार लावताच तोच ‘धप्प’ ऐकू आला. बॉल जॉइंट घट्ट आहे. आता फक्त बुश बदलावा की पूर्ण आर्म? एका मित्राने पॉलियुरेथेनचे बुश सुचवले आहेत.

वैदर्भीय_चालक:
बॉल जॉइंट चांगला असेल तर नुसते बुश पुरेसे आहेत, मात्र हायड्रॉलिक प्रेस असलेल्या ठिकाणीच काम द्यावे. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची कड दबते आणि आर्मचे भोकही खराब होते. जुना बुश काढण्यापूर्वी त्याच्या पोकळ भागांची दिशा आर्मवर खडूने किंवा पेंटने आखून घ्यावी, कारण नवा बुश वाकडा बसला तर कमी कडक बाजू नको तिथे येते. डाव्याबरोबर उजवाही बदलावा. दोन्ही बाजूंचे रबर सारखेच वापरलेले आहे.

यापुढचा मुद्दा गॅरेजमध्ये आपण स्वतः उभे राहून पाहावा असे मी आग्रहाने सांगेन. आर्मचे बोल्ट गाडी रॅम्पवर आणि चाके लटकत असताना पूर्ण आवळू देऊ नका. या बुशमध्ये आतली नळी बोल्टने जखडली जाते आणि आर्मची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. आर्म खाली लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळलेल्या ओल्या फडक्यासारखे कायमचे ताणलेले राहते आणि नवा माल लवकर फाटतो. बोल्ट सैल ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, पुढून दोन-चारदा दाबून सोडावी आणि मग चर असलेल्या ठिकाणी खालून टॉर्क पान्याने (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना), कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावे.

पॉलियुरेथेन टिकाऊ असते, परंतु ते कडक असल्याने नागपूरच्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांचा प्रत्येक धक्का आत जाणवेल. शिवाय योग्य ग्रीस नसेल तर ते करकरते. रोजच्या वापराच्या गाडीला मूळ दर्जाचे रबरच बरे.

आणखी एक विनंती आहे. सर्व्हिसिंगनंतर गाडीखाली डिझेल किंवा जुने तेल फवारण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे, ती आपल्या गाडीवर कृपया होऊ देऊ नका. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या या शहरात रबराला उष्णतेचाच त्रास पुरेसा आहे. चिखल साध्या पाण्याने धुवावा. काम झाल्यावर थोडी गाडी चालवून मगच अलाइनमेंट करावे आणि आधीच्या व नंतरच्या मापांची छापील प्रत मागून घ्यावी.