हुशार प्रतिस्पर्धी हवा असेल, तर संथ टर्न सोसाव्याच लागतात का?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. इंदिरानगर आणि गंगापूर रोड परिसरातले आम्ही काही मित्र रविवारी एकत्र बसून ऐतिहासिक रणनीतीचे खेळ खेळतो. ‘सिव्हिलायझेशन’चा चौथा आणि सहावा भाग, ‘एम्पायर : टोटल वॉर’ आणि ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हे आमचे नेहमीचे खेळ. लॅपटॉप साधे आहेत. ८ जीबी रॅम आहे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नाही. डाव उत्तरार्धात गेला की टर्न (आपली पाळी) संपवल्यानंतर बराच वेळ नुसते पाहत बसावे लागते, आणि काठिण्यपातळी वाढवली तरी प्रतिस्पर्धी हुशार होण्याऐवजी केवळ श्रीमंत झाल्यासारखा वाटतो. काही मित्रांच्या मते संगणक खोलवर विचार करतो म्हणूनच वेळ लागतो, त्यामुळे वेग आणि हुशारी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळणे शक्य नाही. हे खरे आहे का? आणि या दोन्हींचा मेळ कोणत्या खेळात त्यातल्या त्यात चांगला बसतो?

सातपूरकर

आपल्या मित्रांचा तर्क बुद्धिबळाच्या प्रोग्रामला लागू पडतो, या खेळांना नाही. बुद्धिबळाच्या प्रोग्रामला जास्त वेळ दिला तर तो पुढच्या आणखी चाली तपासतो आणि अधिक बलवान होतो. ‘सिव्हिलायझेशन’मधला एआय (संगणकाच्या बाजूने खेळणारा प्रोग्राम) मात्र पुढच्या पंचवीस टर्नचा शोध घेत नाही, समोरच्या पर्यायांना ठरलेल्या नियमांनुसार गुण देतो आणि त्यांतला एक निवडतो. मग वेळ कशात जातो? प्रत्येक शहराचे उत्पादन ठरवण्यात, प्रत्येक तुकडीसाठी रस्ते, सरहद्दी आणि नकाशावरची शत्रूच्या ताब्यातली घरे लक्षात घेऊन मार्ग शोधण्यात, आणि त्यानंतर ती हालचाल पडद्यावर दाखवण्यात. शहरे आणि तुकड्या वाढल्या की हे काम वाढते, म्हणून उत्तरार्ध संथ होतो. त्या वाढलेल्या वेळात शहाणपण वाढत नाही.

हुशारीचा प्रश्न माझ्या मते नियमांशी जास्त जोडलेला आहे. २००५ साली आलेल्या चौथ्या भागात एका घरात कितीही तुकड्या ठेवता येतात, त्यामुळे संगणकाने मोठे सैन्य एकत्र करून सरळ चाल केली तरी तो खरा धोका ठरतो. २०१० च्या पाचव्या भागापासून षट्कोनी घरे आली आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी, असा नियम झाला. आता पुढे तलवारबाज, मागे धनुर्धर, मधल्या खिंडीत गर्दी होऊ द्यायची नाही, ही मांडणी माणसाला सहज जमते आणि संगणकाला अजूनही नीट जमत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी सहाव्या भागात सर्वांत वरच्या ‘डिटी’ पातळीवर संगणकाला सुरुवातीलाच ३ सेटलर (नवे शहर वसवणाऱ्या तुकड्या) मिळतात, आपल्याला १. आपल्याला जाणवलेली श्रीमंती ती हीच, आणि तिच्यामुळे डाव अवघड होतो हे मान्य केले तरी प्रतिस्पर्ध्याशी झुंजण्याचे समाधान मिळत नाही, असे मला मनापासून वाटते.

वेग आणि हुशारी एकत्र नांदू शकतात याचे उदाहरण म्हणजे चौथ्या भागासाठी खेळाडूंनीच तयार केलेला ‘के-मॉड’ हा मॉड, म्हणजे मूळ खेळात बदल करणारी जोड. निर्मात्यांनी खेळाच्या नियमांचा आणि एआयचा कोड खुला केल्यामुळे हौशी प्रोग्रामरांना मूळ निर्णयपद्धतच सुधारता आली, आणि टर्नच्या गणितातला अनावश्यक भार कमी करण्याचे कामही त्यात झाले. उलट पाचव्या भागासाठीचा ‘व्हॉक्स पॉप्युली’ हा मॉड लढाईत फार चांगला प्रतिस्पर्धी देतो, पण मोठ्या नकाशावर उत्तरार्धात तो साध्या लॅपटॉपला जड जातो.

जेलरोडचा मावळा

‘टोटल वॉर’विषयी थोडे. २०१३ मध्ये ‘रोम २’ आला तेव्हा नकाशावर शंभराहून अधिक गट होते आणि दोन टर्नमधली प्रतीक्षा हीच त्याच्यावरची एक मोठी टीका होती. नंतरच्या पॅचनी (दुरुस्त्यांनी) ती बरीच कमी केली. त्याच गटांसह वेळ कमी होऊ शकला, म्हणजे सगळा वेळ ‘विचारा’चा नव्हता, हे सातपूरकरांचे म्हणणे इथेही पटते. ‘एम्पायर’मध्ये १७०० सालापासून मराठ्यांकडून खेळताना मोगलांशी जमिनीवर झुंजावे लागते, आणि तिथे संगणक बऱ्यापैकी उभा राहतो, समुद्रमार्गे सैन्य उतरवणे हा मात्र प्रकाशनाच्या वेळी त्याचा कच्चा भाग होता. संगणकाच्या हालचाली दाखवणे सेटिंगमधून बंद करून पाहावे.

पंचवटी १४४४

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ला या तुलनेत वेगळे ठेवावे लागेल, कारण त्यात टर्नच नाहीत. ११ नोव्हेंबर १४४४ पासून दिवस पुढे सरकत राहतात आणि सगळी राष्ट्रे एकाच वेळी निर्णय घेत असतात, म्हणून तिथे मोजायचे ते पाचव्या, म्हणजे सर्वांत जलद वेगावर एक वर्ष किती वेळात उलटते हे. काही राष्ट्रांना ‘लकी नेशन्स’ म्हणून जादा सवलती मिळतात. त्या डाव सुरू करतानाच बंद करता येतात. तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा असेल तर आधी तेवढे करा.

सातपूरकर

मोजमापाबद्दल राहिलेच. निरनिराळ्या डावांवरून वेगाची तुलना करू नका. उत्तरार्धातला एकच सेव्ह (साठवलेला डाव) सगळ्या लॅपटॉपवर उघडून त्याच टर्नची वेळ घ्या. सहाव्या भागात तर एआयच्या टर्नची सरासरी वेळ काढणारा बेंचमार्क (वेगाची चाचणी) अंगभूत आहे. त्यातच ‘क्विक मूव्हमेंट’ आणि ‘क्विक कॉम्बॅट’ (हालचाल आणि लढाई झटपट उरकणारी सेटिंग) सुरू केल्यास पडद्यावरचा वेळ लगेच वाचतो. एसएसडीने डाव उघडण्याचा वेळ कमी होईल, टर्नचा फारसा नाही. आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दुपारी तापलेला लॅपटॉप प्रोसेसरचा वेग स्वतःहून उतरवतो, तेव्हा चाचणी सकाळी, चार्जर लावूनच घ्या.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. चौथा भाग आमच्याकडे आहेच, तर ‘के-मॉड’पासूनच सुरुवात करतो. मूळ खेळावर तो चालतो, की विस्तार घ्यावा लागतो?

सातपूरकर

‘बियॉन्ड द स्वोर्ड’ हा विस्तार आवश्यक आहे, आणि तोही ३.१९ या आवृत्तीपर्यंत अद्ययावत केलेला. पहिला डाव मध्यम नकाशावर आणि आपण नेहमी खेळता त्यापेक्षा एक पातळी खाली ठेवा. हा एआय सवलतींशिवायही दुबळ्या सरहद्दीवर चालून येतो.