मदत हवी आहे : पगच्या डोळ्यात नाकाकडून तपकिरी डाग पसरतोय

खारुताई

नमस्कार मंडळी. ढब्बू हा आमचा पग, साडेपाच वर्षांचा. त्याच्या डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने एक तपकिरी डाग सरकत सरकत आत येतोय. आधी कोपऱ्यात नुसती बारीक कोर दिसायची, आता तो बाहुलीच्या काठाला टेकलाय. नेहमीच्या डॉक्टरांनी तेव्हा ‘पगमध्ये एवढं चालायचंच’ म्हणून सोडून दिलं. मध्यंतरी डोळा लाल झाला, चिपडं यायला लागली, तेव्हा अँटिबायोटिकचे थेंब मिळाले. थेंब चालू असेपर्यंत ठीक, बंद केले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मला जे दिसतं ते सांगते. सकाळची चिपडं पिवळट आणि चिकट असतात, ओल्या बोळ्याने धरली की दोऱ्यासारखी लांब ओढली जातात. उजव्या डोळ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ, स्वच्छ रेघेसारखं पडतं. डाव्यात तीच रेघ तुटक आणि खरबरीत दिसते. झोपेत दोन्ही डोळे अर्धवट उघडेच. गंमत म्हणजे तो डोळा चोळत नाही, मिचकावत नाही, खाणं आणि दंगा जोरात चालू आहे. फक्त डाव्या बाजूने बॉल टाकला तर त्याला जरा उशिरा कळतं असं वाटतं.

सासूबाई म्हणतात डोळ्यात फूल पडलंय, नवरा म्हणतो मोतीबिंदू. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी कुठलीही तपासणी न करता ‘पापण्यांचं ऑपरेशन करून टाका’ सांगितलं. ऐकून पोटात गोळाच आला.

हा डाग जातो का? ऑपरेशन खरंच लागतं का? आणि रोजची निगा नेमकी कशी ठेवायची? ज्यांच्याकडे पग, शिह त्झू, पेकिनीज, फ्रेंच बुलडॉग असे चपट्या तोंडाचे मेंबर आहेत त्यांनी प्लीज लिहा.

रिकामटेकडा

आमच्या शिह त्झूला अस्संच व्हायचं. घरात माणसांचे अँटिबायोटिक-स्टिरॉइडचे थेंब असतातच, दोनतीन दिवस टाका, लाली झटकन उतरते. उगाच टेन्शन घेऊ नका.

पाणकोंबडी

खारुताई, बाकीचं नंतर वाचा, आधी हे : वरचे थेंब टाकू नका. रिकामटेकडा, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला धोक्याचा आहे. डोळ्यावर बारीकशी जखम असेल आणि त्यात स्टिरॉइड गेलं, तर जखम भरायची थांबते आणि कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, विरघळायलाही लागू शकतो. लाली उतरते हे खरं, म्हणूनच माणूस फसतो. कुत्र्याचा कॉर्निया साधारण अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. तिथे हातचं राखायला फारसं काही नाही. जखम नाही हे हिरवा रंग टाकून तपासल्याशिवाय स्टिरॉइड नाही, हा नियम पाळाच. घरातल्या जुन्या ट्यूबवर ‘डेक्सामेथासोन’ किंवा ‘प्रेडनिसोलोन’ लिहिलेलं असेल तर तेच ते.

मी डॉक्टर नाही. प्राण्यांच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि घरी पग आहेत, त्यामुळे हे रोजचं आहे.

तुम्ही जे वर्णन केलंय (आणि फार नेमकं केलंय, ट्यूबलाइटचं तर विशेष) ते वाचून पहिला संशय येतो तो कोरड्या डोळ्याचा. चिकट, दोरीसारखी चिपडं, विझलेली चमक आणि अँटिबायोटिक बंद करताच परत येणारी लाली. जंतू वाढतात ते अश्रू कमी पडतात म्हणून. मूळ कारण तसंच ठेवून नुसते जंतू मारत बसलं तर हे कधीच संपत नाही.

मोतीबिंदू आत, बाहुलीच्या मागे असतो आणि पांढरट दिसतो. तुमचा डाग वर, पृष्ठभागावर आहे. कॉर्नियाला सतत कोरडेपणा किंवा घासणं सोसावं लागलं की तो स्वतःला वाचवायला रंगद्रव्य साठवतो. पगमध्ये ते बहुधा नाकाच्या बाजूने सुरू होतं, कारण तिथेच सगळी भानगड असते : खालच्या पापणीचा आतला कोपरा आत वळलेला, त्यावरचे केस डोळ्याला टेकलेले, आणि वर नाकावरची जाड वळी, तिचेही केस. त्यात कवटी आखूड, डोळ्याची खोबण उथळ, त्यामुळे डोळा पुढे आलेला आणि पापण्या मिटताना मध्ये फट राहते. अश्रूंचा थर सगळीकडे पसरतच नाही. झोपेत उघडे डोळे म्हणता ना, ते हेच.

तो चोळत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला संवेदना मुळातच कमी असते. लांब नाकाचं कुत्रं ज्या जखमेने कळवळेल, ती घेऊन पग आरामात खेळत असतो. ‘त्याला दुखत नाहीये’ हे वाक्य मी दवाखान्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की मी आधी हिरव्या रंगाची पट्टी शोधते.

डाग जातो का? गडद झालेला पूर्ण पुसला जाईल अशी आशा धरू नका. कारण सापडून उपचार झाले तर तो थांबतो, काहींचा थोडा विरळही होतो. खरवडून काढायच्या फंदात पडण्यात अर्थ नाही, मूळ कारण तसंच राहिलं तर डाग परत येतो.

तेव्हा डोळ्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी करून मागा. शिर्मर चाचणी : पापणीत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवून किती मिलिमीटर ओली झाली ते मोजतात. 15 च्या वर ठीक, 10 ते 15 काठावर, 10 च्या खाली कोरडा, 5 च्या खाली फारच कोरडा. ही चाचणी थेंब टाकण्याआधी व्हायला हवी, नाहीतर आकडा फसवा येतो. त्या दिवशी घरूनही काही टाकून नेऊ नका. दुसरं, हिरवा रंग टाकून जखम आहे का. तिसरं, डोळ्याचा दाब. आणि भिंगातून पापण्यांचे केस बघायला सांगा. यातलं काहीच न करता कोणी ऑपरेशन म्हणत असेल तर मी तरी होकार देणार नाही.

मधलीआळी

+१. आणखी एक विचारून घ्या : ढब्बूला मध्यंतरी सल्फाच्या (जंतू मारणाऱ्या औषधांचा एक गट) गोळ्या दिल्या होत्या का? त्या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांचे अश्रू आटतात. आमच्या पेकिनीजचं तसंच निघालं होतं.

रिकामटेकडा

बाप रे, हे माहीतच नव्हतं. ट्यूब कचऱ्यात. धन्यवाद.

खारुताई

सगळ्यांचे खूप आभार. सल्फा कधीच दिलेलं नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन आलो. पट्टी : डावा 6, उजवा 12. म्हणजे ज्याला आम्ही चांगला डोळा म्हणत होतो तोही काठावर! जखम नाही, दाब ठीक. आतल्या कोपऱ्यात पापणी वळलेली आहे, वळीचे केसही लागतात. सायक्लोस्पोरिनचं मलम दोन्ही डोळ्यांत दिवसातून दोनदा, आणि कृत्रिम अश्रूंचं जेल जमेल तितक्यांदा. अँटिबायोटिक सध्या नाही. ऑपरेशनचं नंतर बघू म्हणाले.

आता खरी लढाई. मलमाची ट्यूब बघितली की स्वारी सोफ्याखाली. दोघांनी धरलं तर धापा टाकतो, श्वास घोगरा होतो, मला भीती वाटते. कसं टाकता तुम्ही? आणि याने फरक कधी दिसतो?

पाणकोंबडी

दोघांनी धरणं आधी बंद करा. पगला मानेपाशी आवळून धरणं श्वासालाही वाईट आणि डोळ्यालाही, आतला दाब वाढतो. त्याच कारणाने गळपट्ट्याला दोरी लावून फिरवू नका, छातीचा हार्नेस घ्या.

मी असं करते. कुत्रं माझ्या दोन्ही पायांच्या मध्ये, पाठ माझ्याकडे, बूड जमिनीला टेकलेलं. म्हणजे मागे सरकायला जागाच नाही. समोरून ट्यूब आणायची नाही. कपाळावरून, मागून आणायची. डाव्या हाताने हनुवटी जेमतेम वर, त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी ओढली की एक छोटी खोळ तयार होते. उजव्या हाताची करंगळीकडची कड त्याच्या कपाळावर टेकवून ठेवा, मग त्याने मान हलवली तर तुमचा हातही सोबत हलतो, ट्यूबचं टोक डोळ्यात जात नाही. मलमाचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका खोळीत सोडायचा, पापणी मिटून बोट हलकं फिरवायचं. लगेच आवडीचा खाऊ. पहिले काही दिवस नुसतं बसवून, ट्यूब कपाळाला लावून, खाऊ द्या. असं दिवसातून बरेचदा करा, औषध चारपैकी एखाद्याच वेळी (ठरलेले दोन डोस मात्र चुकवू नका). सोफ्याखालचं प्रकरण आपोआप मिटतं.

आधी डोळ्याच्या कडा कोमट पाण्यात बुडवलेल्या गॉझने आतून बाहेर पुसा, चिपडावर मलम टाकून उपयोग नाही. दोन औषधांमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. पातळ आधी, घट्ट मलम शेवटी. सायक्लोस्पोरिन डोळ्याला लागलं तर थोडं चुरचुरतं, ते चालतं; बोटाला लागलं की हात धुवा.

फरकाचं म्हणाल तर धीर धरा. ते अश्रूग्रंथीवर चाललेला शरीराचा स्वतःचाच हल्ला आवरतं, त्यामुळे काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिने. तोपर्यंत जेलवर भिस्त. आणि डोळा छान दिसायला लागला की औषध बंद करण्याची उबळ येईल. करू नका. बहुतेकांना हे जन्मभर चालवावं लागतं. काहींना त्याने भागत नाही, मग टॅक्रोलिमस देऊन बघतात.

वळी रोज कोरड्या मऊ कापडाने पुसा, ओल राहिली की आत बुरशी-जंतूंचं फावतं. आंघोळीला शाम्पू डोळ्यापासून दूर, ड्रायरचा झोत तोंडावर नाही, गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर नाही. दात साफ करायला किंवा कशालाही भूल देणार असतील तर आधी बजावून सांगा की डोळे कोरडे आहेत. भुलीने अश्रू आणखी घटतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कमी राहतात. तेव्हा जेल वारंवार.

मधलीआळी

घाईने कधी पळायचं तेही सांगा ना. आमच्याकडे रात्री झालं होतं.

पाणकोंबडी

डोळा अचानक मिटून घेतला, पाणी किंवा हिरवट घाण, कॉर्नियावर निळसर-पांढुरका ठिपका किंवा खळगा, पृष्ठभाग जेलीसारखा मऊ दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. खोल जखम कधीकधी एका रात्रीत भोक पाडते. डोळा खाजवू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला आणि निघा. उरलेलं कुठलंही औषध टाकू नका. साधी, वरवरची जखम साधारण आठवडाभरात भरते. तेवढ्यात भरली नाही तर तीच औषधं रेटत न बसता पुन्हा दाखवा, काहीतरी घासतंय किंवा कोरडं राहतंय.

आणि भांडणात किंवा मार लागून डोळा खोबणीबाहेर आला (यांच्यात हे सहज होतं) तर आत ढकलू नका. सलाइन किंवा जेलने ओला ठेवायचा, भिजलेलं गॉझ वर धरायचं, थेट दवाखाना.

डोळ्याच्या कोपऱ्यात लालभडक गोळा आला तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथी. ‘कापून टाकू’ म्हणाले तर थांबा. अश्रूंचा चांगला मोठा वाटा तिथूनच येतो, ती आत शिवून बसवतात.

खारुताई

हे सगळं छापून फ्रिजवर लावलंय. मलम आता एकटीने टाकता येतंय, पायांमध्ये बसवण्याची युक्ती जबरी आहे. सकाळची चिपडं कमी झालीत, पण डाग आहे तिथेच आहे. शेवटचा प्रश्न, ऑपरेशनचं. करायचं झालं तर नेमकं काय करतात आणि कधी?

पाणकोंबडी

डाग आहे तिथेच आहे ही चांगली बातमी समजा, पुढे सरकला नाही. खिडकीपाशी, एकाच उजेडात, महिन्याला एक फोटो काढून ठेवा म्हणजे अंदाजावर राहायला नको.

ऑपरेशनमध्ये पापण्यांचा आतला कोपरा थोडा शिवून डोळ्याची फट लहान करतात. आत वळलेली पापणी आणि तिथले घासणारे केस त्यातच निघून जातात आणि डोळा नीट मिटायला लागतो. डोळा बाहेर यायचा धोकाही घटतो. वळी फारच मोठी असेल तर तीही कमी करतात. ढब्बूची पापणी वळलेली आहे आणि केस लागताहेत, तेव्हा त्याला ते पुढेमागे लागेल असं मला वाटतं. ऑपरेशन सांगणाऱ्या त्या डॉक्टरांचं उत्तर कदाचित बरोबर होतं, पण ऑपरेशनने अश्रू वाढत नाहीत. पट्टीवर 6 असताना नुसतं शिवून आणलं असतं तर डोळा कोरडाच राहिला असता आणि तुम्हाला वाटलं असतं की झालं सगळं. पुढच्या तपासणीत आकडा वर आला की हाच प्रश्न त्यांना विचारा. भूल द्यायच्या आधी त्याच्या श्वासाची आणि नाकपुड्यांची तपासणी करून घ्या. नाकपुड्या अरुंद असतील तर त्यांचंही काम त्याच भुलीत करता येईल का, तेही बोलून घ्या.