लाट जमिनीपर्यंत जशीच्या तशी येत नाही

अवकाशातून पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून येणाऱ्या लाटांना कुणी सतारीच्या तारेची उपमा देतं : चुंबकीय रेषा ही तार, आणि लाट तिच्यावरून सरळ आपल्या डोक्यावर उतरते. स्वीडिश शास्त्रज्ञ आल्फवेन यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या या लाटांना पहिला अर्धा भाग चपखल बसतो, दुसरा नाही. दिवसा ३०० किमीवर घन सेंटिमीटरला दहा लाख ऑक्सिजन आयन (विद्युतभारित अणू) धरले, तर लाटेचा वेग सेकंदाला साधारण २५० किमी निघतो. पण १५० ते ९० किमीच्या पट्ट्यात आयन साध्या हवेच्या रेणूंवर आपटत राहतात, तार जणू चिखलात रुतते. त्याखालची हवा वीज वाहूच देत नाही. मग लाट काही परतते, काही तिथेच विरते, आणि आपल्याला जमिनीवर जाणवतं ते त्या थरात उठलेल्या आडव्या प्रवाहांचं चुंबकत्व, तेही मूळ दिशेला साधारण काटकोनात वळलेलं! लाटेतली लहान आकाराची नक्षी तर वाटेतच पुसली जाते.

जमिनीवरचे हे चुंबकीय बदल पाहायला इकडे इंदुरात मी बरणीत रेशमी दोऱ्याला चुंबक टांगून, त्यावर आरशाचा तुकडा चिकटवून लेझरचा ठिपका भिंतीवर पाडला होता. १० मे २०२४ च्या भूचुंबकीय वादळात, रात्री साडेदहानंतर, तो अर्धं बोट सरकला. बाकी एरवी शेजारच्या काकूंची स्कूटर फाटकातून आत आली की तो याहून जास्त नाचतो, म्हणून नोंदी पहाटेच्याच ठेवतो.