कारच्या लायसन्सवर पिकअप
एका भाऊंनी विचारलंय: वरुडहून नागपूरच्या कळमना बाजारात रात्रीचा संत्रा पिकअपने न्यायचाय, अनुभव शून्य, लायसन्स कारचं. लायसन्स चालतं. नोव्हेंबर 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानुसार एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या वाहनाच्या (कारच्या) लायसन्सवर, 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. आरसीवरच्या (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरच्या) एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढाच माल, त्यातच तुमचंही वजन आलं. घाईत इथंच चुकतं. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो, शिवाय भरली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. म्हणून आधी महिनाभर जुन्या ड्रायव्हरसोबत जाच, उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरायला शिका. ताडपत्री चहूबाजूंनी गच्च आवळू नका, हवा कोंडली की संत्रा सडतो. परतीचा माल ठरला नसेल तर भाडं दोन्हीकडचं डिझेल धरूनच सांगा.