ज्युरी ड्यूटी कशी टाळायची हे मला विचारू नका

रानजाई (न्यू जर्सी)

गेल्या महिन्यात मला ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या गटात बसण्याचं, बोलावणं आलं. इथे राहून एकोणीस वर्षं झाली, नागरिकत्व घेऊन सहा. मंडळाच्या ग्रुपवर सहज सांगितलं, तर तासाभरात दहाबारा सल्ले येऊन पडले. 'इंग्रजी नीट समजत नाही म्हण.' 'पोलिसांवर काडीचा विश्वास नाही असं सांग, लगेच सोडतात.' 'मूल लहान आहे म्हण.' माझा मुलगा कॉलेजात आहे. 'जा, बघून ये' असं एकाही माणसाने म्हटलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हा धागा.

मी गेले. सकाळी साडेआठला मोठ्या हॉलमध्ये बसवलं. शेजारच्या गृहस्थांच्या बुटांवर सिमेंटचे शिंतोडे तसेच होते, पहाटेचं काम अर्धवट टाकून आले होते. अकराच्या सुमाराला आमचे नंबर पुकारले. दावा दिवाणी होता. सिग्नलला उभ्या गाडीला मागून धडक, मानेला इजा, भरपाई किती द्यायची ते ठरवायचं. सहा ज्युरर आणि दोन राखीव अशा आठ जागा. मी चौथ्या खुर्चीवर.

मग निवड सुरू झाली. प्रत्येकाच्या हातात प्रश्नांचे छापील कागद असतात आणि न्यायाधीश एकेक प्रश्न विचारत जातात. घरात कुणी विमा कंपनीत आहे का, कधी भरपाईचा दावा केलाय का, हे अपेक्षित होतं. पण टीव्हीवर काय बघता, बातम्या कुठे वाचता, गाडीला काही स्टिकर लावलाय का, हेही विचारतात. मी सगळ्यांची खरी उत्तरं दिली. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, गाडीला स्टिकर नाही, संध्याकाळी जुनी नाटकं बघते. न्यायाधीशांनी मान हलवली. त्यानंतर एक वकील उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, चौथ्या क्रमांकाच्या ज्युररचे आभार मानून त्यांना मुक्त करावं. संपलं. मी पर्स उचलली आणि दुसऱ्या बाई माझ्या खुर्चीवर येऊन बसल्या.

याला पेरेम्प्टरी चॅलेंज म्हणतात. ज्युररचा पूर्वग्रह दिसला किंवा नातं निघालं, तर 'फॉर कॉज' म्हणजे सकारण हरकत घेता येते आणि ती न्यायाधीश तपासतात. पेरेम्प्टरीला कारण लागतच नाही. मग माझं काय खटकलं? लॅबची नोकरी, माझे उच्चार, की नाव? ते मला कधीच कळणार नाही. त्या संध्याकाळी घरी येऊन मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते.

माझं मत स्पष्ट आहे. बोलावलं की जायचं आणि खरं बोलायचं. पण कारण न देता माणूस उठवण्याचा हा अधिकार बंद व्हायला हवा. १९८६ च्या बॅट्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून ज्युरर वगळायला मनाई केली. केंटकीतल्या त्या खटल्यात सरकारी वकिलाने यादीतल्या चारही कृष्णवर्णीयांना वगळलं होतं. तेव्हाच न्यायमूर्ती थरगूड मार्शल यांनी लिहिलं होतं की भेदभाव खरंच संपवायचा असेल तर पेरेम्प्टरीच रद्द करा. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून ते केलं. बाकीच्यांचं काय अडलंय?

ताशीकामगार (बे एरिया)

रानजाई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण ग्रुपवर सल्ले देणाऱ्यांना तुम्ही एकदम खालच्या पायरीवर बसवलंत. मी तासावर काम करतो. कोर्टात बसलेल्या दिवसाचा कामावरून एक डॉलरही मिळत नाही. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवसाचं काहीच देत नाहीत, दुसऱ्या दिवसापासून १५ डॉलर. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात ५० आहेत. आमच्या पाळणाघरात एक तास उशीर झाला तर दंडच त्याहून जास्त होतो. पगारी रजा असणाऱ्याने कर्तव्याच्या गोष्टी सांगणं सोपं आहे.

खोटं बोलू नये हे मान्य. पण मला मूळ पद्धतच पटत नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाच्या दाव्यात दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ डॉक्टर चार-चार दिवस बोलतात, आणि निकाल मी द्यायचा? मी जावामध्ये कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. शिकलेला, सरावलेला न्यायाधीश कारणांसकट निकाल लिहितो. ज्युरी कारण लिहीत नाही. कारण न देता तुम्हाला उठवलं याचा तुम्हाला राग आहे, मग कारण न देता दिलेला निकाल कसा चालतो?

काळा कोट (मुंबई)

फौजदारी वकिली करून पंचवीस वर्षं झाली, त्यामुळे राहवलं नाही. आपल्याकडे ज्युरी होती आणि आपण ती विचारपूर्वक काढली. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजांवर गोळ्या झाडल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीश मेहतांना तो निर्णय इतका पुराव्याविरुद्ध वाटला की त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. खटला चालू असताना 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे लावून धरली होती. शहरभर चर्चा होती. ते नऊ जण त्याच शहरात राहत होते.

मात्र एक दुरुस्ती करतो, कारण या धाग्यावर कुणीतरी ते लिहिणारच. नानावटीमुळे ज्युरी गेली आणि तो देशातला शेवटचा ज्युरी खटला होता, हे दोन्ही चूक. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ज्युरी रद्द करण्याची शिफारस केली होती. काही भागांत नानावटीनंतरही ज्युरी बसत होती. शेवटी १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि तिच्यात ज्युरीला जागा राहिली नाही. तिची एक खूण मुंबई उच्च न्यायालयात अजून आहे. पारशी विवाहांच्या दाव्यांत समाजातले प्रतिनिधी, म्हणजे 'डेलिगेट', न्यायाधीशांबरोबर बसतात. १९८८ पासून त्यांची संख्या पाच आहे.

मी ताशीकामगारांच्या बाजूचा. न्यायाधीशाचं चुकलं तर त्याच्या कारणांवर बोट ठेवून अपील करता येतं. ज्युरीचं चुकलं तर बोट ठेवायचं कशावर?

केसरीवाचक (पुणे)

काळा कोट, नानावटी सांगितलात, पण त्याच मुंबईतला त्याहून मोठा ज्युरी खटला राहिला. रानजाईंचा प्रश्न निवडीचा आहे, आणि निवडीबद्दल मराठी माणसाने पहिलं नाव घ्यावं ते १९०८ च्या टिळक खटल्याचं.

'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख मराठीत. वाचणारे मराठी. राजद्रोह झाला की नाही, हे शब्दांच्या छटांवर ठरणार. सरकारने खास ज्युरी, म्हणजे प्रतिष्ठितांच्या वेगळ्या यादीतून निवडलेली ज्युरी, मागितली. टिळकांच्या बाजूने हरकत घेतली गेली ती हीच, की अशा ज्युरीत युरोपियनांचं बहुमत होईल आणि त्यांना मराठी येत नाही. न्यायमूर्ती दावरांनी खास ज्युरी मंजूर केली. बसले सात युरोपियन आणि दोन पारशी. टिळक स्वतः २१ तासांहून जास्त बोलले, सरकारी भाषांतरातल्या एकेका शब्दावर झगडले. २२ जुलैच्या रात्री निकाल आला, ७ विरुद्ध २. सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा. ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, हे टिळकांचे शब्द आज त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत.

माझे आजोबा हा प्रसंग सांगताना 'सात विरुद्ध दोन' म्हणून थांबायचे. लहानपणी मला वाटायचं ते दमले म्हणून थांबतात.

हा खटला ज्युरीविरुद्धचा पुरावा नाही. ज्यांचा न्याय व्हायचा त्यांची भाषा कळणारी माणसं मुद्दाम बाहेर ठेवली, त्याविरुद्धचा पुरावा आहे. आणि काळा कोट, शिक्षा सुनावणारे दावर शिकलेले, सरावलेले न्यायाधीशच होते. १८९७ मध्ये त्यांनीच वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी काम केलं होतं. सरावाने निःपक्षपातीपणा येतो, हे मला त्या खटल्यावरून तरी दिसत नाही.

टेम्सकाठ (लंडन)

इकडचं थोडं. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे आणि तरी मला ज्युरीला बोलावलं. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून आपण इथल्या मतदार यादीत असतो, आणि पाच वर्षं वास्तव्य झालं की ज्युरीच्या सोडतीतही नाव येतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि ते पाकीट चुकून आलं समजून बाजूला टाकतात. तसं करू नका, दंड होतो.

रानजाई, तुम्हाला जे बंद व्हावंसं वाटतं ते इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याने बंद झालं. आमची निवड दहा मिनिटांत झाली. चिठ्ठ्या काढल्या, नावं वाचली, आरोपीला किंवा साक्षीदारांना ओळखता का एवढं विचारलं, शपथ दिली. टीव्हीवर काय बघता हे कुणी विचारलं नाही. आत काय चर्चा झाली ते सांगणं इथे गुन्हा आहे, त्यामुळे एवढंच सांगते: बारा जणांत एक निवृत्त बसचालक होते, आणि मी त्यांच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारा माणूस आजवर पाहिलेला नाही.

हिरवंकार्ड (टेक्सस)

मी नागरिक नाही, तरी समन्स आलंय. ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नाव गेलं असावं. दुर्लक्ष केलं तर चालेल ना?

रानजाई

हिरवंकार्ड, दुर्लक्ष अजिबात करू नका. त्याच फॉर्मवर 'नागरिक नाही' हा रकाना असतो. तो भरून मुदतीत परत पाठवा आणि प्रत स्वतःकडे ठेवा. भीड म्हणून किंवा उत्सुकता म्हणून जाऊन बसू नका, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात अडचण येऊ शकते.

ताशीकामगार, पैशांचं तुमचं म्हणणं मी मूळ पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. ते सिमेंटचे बूट मी पाहिले आणि पुढे गेले, ही माझी चूक. तुमच्यासारखे लोक सुटका मागणार, म्हणजे खुर्च्यांवर निवृत्त आणि पगारी रजावालेच उरणार. तीही निवडच झाली. पण १५ डॉलर अपुरे आहेत, तर ते वाढवायची मागणी करू. त्यावरून ज्युरीच नको असं मला म्हणवत नाही.

काळा कोट, २०२० पासून इथे गंभीर फौजदारी खटल्यात कुठल्याही राज्यात एकमताशिवाय दोषी ठरवता येत नाही. टिळक खटल्यातल्या त्या ७ विरुद्ध २ वर आज इथे कुणाला तुरुंगात पाठवता आलं नसतं. हा फरक मला फार मोठा वाटतो. आणि निवडीत काय काय होतं पाहा. आमच्याच राज्यात अंदुहार खटल्यात एका कृष्णवर्णीय माणसाला ज्युरीतून काढायची सरकारी वकिलांची सकारण हरकत न्यायाधीशांनी फेटाळली, तर वकिलांनी गुपचूप त्याचीच पार्श्वभूमी तपासली. २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कारणावरून शिक्षा रद्द केली. हे उघडकीला आलं म्हणून कळलं. माझ्यासारखी 'आभार, आपण मुक्त' म्हणून उठलेली माणसं का उठवली, ते सहसा कुठेच नोंदलं जात नाही.

काळा कोट

एकमताचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण पेरेम्प्टरी काढली तर सर्वात जास्त फटका बचाव पक्षाला बसेल, हे ध्यानात घ्या. समोरचा ज्युरर 'मी निःपक्षपाती राहीन' म्हणतो, न्यायाधीश ते मान्य करतात, पण माझ्या अशिलाकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती मी पाहिलेली असते. ती नजर 'सकारण' कशी सिद्ध करू? फेडरल कोर्टात गंभीर गुन्ह्यात बचावाला १० आणि सरकारला ६ पेरेम्प्टरी देतात, ते उगाच नाही. मी तिथे वकिली करत असतो तर त्या दहांतली एकही सोडली नसती.

ताशीकामगार

माझी तारीख सोळाला आहे, एकदा पुढे ढकलून झाली आहे. जाईन. लॅपटॉप हॉलमध्ये चालतो का, कुणाला माहिती आहे?

रानजाई

आमच्याकडे हॉलमध्ये चालला, कोर्टरूममध्ये बंद करून ठेवावा लागला. चार्जर न्या. भिंतीलगतच्या खुर्च्या लवकर भरतात.