कुलचिन्ह आधी शब्दांत की आधी कागदावर?

दवात

इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या एका मित्राला (आडनाव मोरे) मध्ययुगीन युरोपीय धाटणीचं कुलचिन्ह हवं आहे. त्याने करून घेतलेला नमुना पाहिला. ढालीचे चार खण, त्यांत डोंगर, पुस्तक, क्रिकेटची बॅट आणि एक हुबेहूब निळा-हिरवा मोर. वर शिरस्त्राण, खाली ब्रीदवाक्याची फीत. यात मला मध्ययुगीन काही दिसलं नाही.

माझं मत : पेन्सिल उचलण्याआधी कुलचिन्ह एका वाक्यात लिहावं. या वाक्याला ब्लेझन म्हणतात आणि खरं कुलचिन्ह तेच. चित्र प्रत्येक चिताऱ्याचं वेगळं असणारच. सोनं आणि चांदी हे धातू, म्हणजे पिवळा आणि पांढरा. लाल, निळा, काळा, हिरवा आणि क्वचित जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, कारण ढाल लांबून ओळखू यायला हवी. म्हणून माझं वाक्य : 'निळ्या ढालीवर पिसारा फुलवलेला सोन्याचा मोर'. बाकी सगळं काढून टाकावं, शिरस्त्राणसुद्धा.

1385 साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंडवरच्या स्वारीत स्क्रोप आणि ग्रोव्हनर या दोन सरदारांच्या ढालींवर एकच चिन्ह निघालं : निळ्यावर सोन्याचा तिरपा पट्टा. खटला वर्षानुवर्षं चालला. पट्टा कोणी किती सुबक रंगवलाय याचा तिथे प्रश्नच नव्हता. वाद होता तो त्या वर्णनावरच्या हक्काचा.

रंगपेटी

असहमत. त्याच खटल्यात कवी चॉसरने 1386 मध्ये साक्ष दिली होती, ती आठवा. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एक नवी पाटी टांगलेली दिसली. स्क्रोपचं चिन्ह इथे कोणी लावलं, असं त्याने विचारलं, तेव्हा ते ग्रोव्हनरचं आहे असं उत्तर मिळालं. म्हणजे ओळख पटली ती रंगवलेल्या पाटीवरून. ब्लेझन तंतोतंत पाळून आजचा चितारी प्राणिसंग्रहालयातला मोर काढील, आणि तो मध्ययुगीन दिसणार नाही.

जुन्या चिताऱ्यांचा सिंह बघा. कंबर बारीक, नख्या मोठ्या, शेपटी फुलवलेली, कारण ढालीत रिकामी जागा उरू द्यायची नाही. इंग्लंडचे तीन सिंह एकाखाली एक बसवायचे म्हणून लांब ताणलेले असतात. मोराचंही तसंच. ढाल वर रुंद, खाली निमुळती. पिसारा वर पसरला आणि पाय टोकाशी आले की जागा आपोआप भरते. हे मला चार कागद खराब केल्यावर सापडलं, शब्दांतून कधीच सापडलं नसतं.

आणि शिरस्त्राण का काढताय? साधारण 1300 ते 1340 दरम्यान झुरिकमध्ये तयार झालेलं कोडेक्स मानेसे हे हस्तलिखित आज हायडेलबर्गला आहे. त्यात कवींच्या चित्रांत ढालीबरोबर तुरा लावलेली शिरस्त्राणंही आहेत.

दवात

शिरस्त्राणाबद्दल चूक मान्य, मोरेंना तुरा मिळेल. फीत मात्र नाही. आणि मूळ मुद्दा सोडत नाही. उद्या तुमचं चित्र हरवलं तर माझ्या वाक्यावरून ते पुन्हा काढता येईल.

पाखरू

पण नियम इतका पक्का कुठे आहे? जेरुसलेमच्या राज्याच्या ढालीवर चांदीवर सोन्याचे क्रॉस आहेत. धातूवर धातू. चार खणही जुनेच. मग मित्राच्या बॅटीनेच काय घोडं मारलंय?

जुनी_नाणी

जेरुसलेमची ढाल प्रसिद्ध झाली तीच नियम मोडल्यामुळे. आपण मोडायचा तर तेवढं मोठं कारण हवं.

खणांचं मात्र नीट समजून घ्या. 1230 मध्ये तिसऱ्या फर्डिनांडकडे आजच्या स्पेनमधली कॅस्टिल आणि लिओन ही दोन्ही राज्यं आली, म्हणून त्याच्या चार खणांत दोनदा किल्ला आणि दोनदा सिंह. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने 1340 मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि सिंहांशेजारी फ्रेंच लिलीची फुलं घेतली. खण पडतात ते वारशाने किंवा दाव्याने. बॅट कोणाकडून वारशाने आली?

मोर मात्र शंभर टक्के मध्ययुगीन. कॅस्टिलचा किल्ला आणि लिओनचा सिंह म्हणजे नावावरचा श्लेषच (स्पॅनिशमध्ये castillo म्हणजे किल्ला, león म्हणजे सिंह), स्वित्झर्लंडच्या बर्न शहराचं अस्वलही तसंच (जर्मनमध्ये Bär म्हणजे अस्वल). मोरेंचा मोर त्याच जातीचा. सामान्य माणसाने चिन्ह घ्यावं का, असं कोणी विचारेल, तर चौदाव्या शतकातला इटालियन कायदेपंडित बार्टोलस याने लिहून ठेवलंय की दुसऱ्याचं नसेल तर कोणीही घ्यावं. इंग्लंडात अधिकृत सनद हवी असल्यास 1484 पासूनचं कॉलेज ऑफ आर्म्स आहे, तिथे अर्ज करावा लागेल.

रंगपेटी

दवात, तुमच्या वाक्यात मोराचं तोंड समोर की बाजूला, हे लिहिलेलंच नाही. मी समोर काढलंय, कारण बाजूला वळवला तर डाव्या कोपऱ्यात पोकळी राहते.

दवात

पिसारा फुलवलेला मोर समोर तोंड करूनच काढतात, ते त्या शब्दांतच आलं. पिसाऱ्यावरचे डोळे किती काढायचे ते मी लिहिणार नाही. ते तुम्ही ठरवा.

रंगपेटी

नऊ. सात काढून पाहिले, वरची कड उघडी पडते.